पोथीकडून पुस्तकाकडे : मराठी वाचकाच्या पसंतीचा इतिहास

नित्याच्या वाचनासाठी छापील पुस्तक बरे की ई-रीडर बरा, हा प्रश्न अलीकडे मराठी वाचकवर्गात वारंवार चर्चिला जातो. चर्चेचा सूर बहुधा असा असतो की, वाचनाचे साधन बदलण्याचा हा प्रसंग मराठी समाजावर प्रथमच आला आहे. छापील पुस्तक ही जणू अनादि वस्तू असून तिला आता कोठे प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे. ही समजूत इतिहासाला धरून नाही. मराठी वाचकाने एक साधन सोडून दुसरे स्वीकारले, आणि तेही पुष्कळशा नाखुशीने, याला अजून दोनशे वर्षेही पुरती झालेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाती लिहिलेली पोथी आणि छापलेले पुस्तक ही दोन्ही साधने त्याच्यासमोर एकाच वेळी होती. त्याने कशाला पसंती दिली, कोणत्या कारणाने दिली आणि या पसंतीची किंमत कोणी भरली, हे तपासल्यास आजच्या वादातील कोणता भाग केवळ सवयीचा आहे आणि कोणता खरोखर महत्त्वाचा आहे, हे निवडता येण्यासारखे आहे.

आरंभी दोन शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. ‘पोथी’ आणि ‘पुस्तक’ हे शब्द आज दोन भिन्न वस्तूंचे वाचक असले, तरी त्यांचे मूळ एकच. संस्कृत ‘पुस्तक’, ‘पुस्तिका’ यांपासून प्राकृत ‘पोत्थअ’, ‘पोत्थिआ’ ही रूपे झाली आणि त्यांतून ‘पोथी’ मराठीत आली. तत्सम रूप मात्र पंडितांच्या भाषेत चालू राहिले. ‘पुस्तक’ हा शब्दही मूळचा संस्कृत नसून कातडे या अर्थाच्या इराणी ‘पोस्त’ या शब्दाशी त्याचा संबंध असावा, असे काही विद्वानांचे मत आहे. छापील पुस्तकाच्या शाईत चरबी असते म्हणून ते अस्पर्श मानणाऱ्या सोवळ्या वाचकाला ही व्युत्पत्ती कोणी सांगितली असती, तर त्याच्या मनाची काय अवस्था झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी. ते असो. मुद्रणकलेचा प्रसार झाल्यावर या एकाच शब्दाच्या दोन रूपांनी आपसांत अर्थाची वाटणी करून घेतली. सुट्या पानांची, आडव्या आकाराची, बहुधा धर्मपर अशी ती पोथी. आणि बांधणी केलेले, उभ्या आकाराचे, कोणत्याही विषयाचे ते पुस्तक. हाती लिहिलेल्या बांधीव वह्यांना ‘बाड’ आणि ‘चोपडी’ हे शब्द होतेच. मराठीने वस्तूंचा भेद इतक्या नेमकेपणाने नोंदवला, याचा अर्थ त्या वस्तू वापरणाऱ्यांना तो भेद तितक्याच तीव्रतेने जाणवत होता.

पोथी हे वाचनाचे साधन म्हणून कसे होते, याची कल्पना केवळ पुस्तक वाचणाऱ्यास सहसा येत नाही. जुन्नर किंवा दौलताबाद येथील हातकागदाची पाने, काजळाची शाई, बोरूने काढलेले ठसठशीत अक्षर. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावायचा आणि अध्यायाच्या समाप्तीला तांबडी शाई वापरायची. पाने शिवलेली नसत. ती एकावर एक रचून वर व खाली लाकडी फळ्या ठेवीत आणि ते सर्व कापडात बांधीत. वाचणारा पोथी पाटावर किंवा चौरंगावर ‘सोडी’, पान उचलून पलीकडे पालथे घाली, आणि वाचन संपले की पुन्हा ‘बांधी’. या साधनाचे दोन विशेष येथे ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, पोथीतील लेखन सलग असे. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याची रीत नव्हती. दंडापलीकडे विरामचिन्हे नव्हती. अशा लेखनावर दृष्टी टाकताक्षणी अर्थ कळत नाही. ते मोठ्याने उच्चारावे लागते, आणि ग्रंथ आधीपासून कानावरून गेलेला असल्यास वाचन पुष्कळच सुकर होते. दुसरा विशेष पहिल्यातूनच निघतो. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशीच या साधनाची घडण होती. ‘पोथीला जाणे’ हा वाक्प्रचार पाहावा. पोथीला जाणारा मनुष्य वाचण्यासाठी जात नव्हता, ऐकण्यासाठी जात होता. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकात घरोघरी पोचले ते याच मार्गाने. ज्यांना अक्षरओळख नव्हती असे हजारो स्त्रीपुरुष त्या ग्रंथांचे नित्याचे ‘वाचक’ होते, असे म्हटल्यास शब्दाची थोडी ओढाताण होईल, परंतु वस्तुस्थितीची होणार नाही.

मराठी मुद्रणाचा प्रारंभीचा इतिहास अ. का. प्रियोळकर यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने दिला आहे. त्याची येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढेच पाहावयाचे की, मुद्रणयंत्र या प्रदेशात येऊनही मराठी वाचकापर्यंत पोचण्यास त्याला पावणेतीनशे वर्षे लागली. गोव्यात छापखाना 1556 साली आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत; कारण देवनागरीचे खिळे पाडणे त्या काळी साधले नव्हते. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ब्राह्मणी ग्रंथ छापण्याच्या इच्छेने कंपनी सरकारकडे मुद्रक मागितला. त्याप्रमाणे हेन्री हिल्स नावाचा मुद्रक 1674 साली आलाही. परंतु तो केवळ छापणारा निघाला, खिळे पाडण्याचे ज्ञान त्याला नव्हते, आणि तो उद्योग तेथेच थांबला. पुण्यास नाना फडणविसांच्या आश्रयाने भगवद्गीतेचे ठसे कोरण्याचा प्रयत्न झाला. तो नानांच्या मृत्यूनंतर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली सफल झाला. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले, आणि पुढे त्यांचा 1810 चा कोश मोडी खिळ्यांत निघाला. या सर्व प्रयत्नांत एक समान न्यून दिसते. छापणारा कोण, हे प्रत्येक ठिकाणी सांगता येते. आपल्या नित्याच्या उपयोगासाठी छापील प्रत आपखुशीने घेणारा मराठी वाचक मात्र कोठे दृष्टीस पडत नाही.

तो दृष्टीस पडतो मुंबईत, 1831 साली, आणि त्याच्या हातात पुराण नव्हे तर पंचांग असते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःच्या हिकमतीने यंत्र उभे केले, शिळाछापाचे दगड सिद्ध केले, आणि शके 1753 चे मराठी पंचांग छापून विक्रीस काढले. या निवडीतील व्यवहारज्ञान दाद देण्यासारखे आहे. पंचांग हा असा ग्रंथ की, त्याचे आयुष्य एका वर्षाचे. दरवर्षी ते नव्याने उतरवून घ्यावे लागे, आणि वर्ष संपले की त्या श्रमाचे काहीच मोल उरत नसे. शिवाय ते रोज पाहावे लागते. पाठांतराने भागत नाही आणि श्रवणानेही भागत नाही. ज्या ग्रंथाला पूज्यता थोडी आणि उपयोग फार, तोच नव्या साधनावर प्रथम चढला. ज्ञानेश्वरीला यासाठी आणखी चौदा वर्षे थांबावे लागले. बाळशास्त्री जांभेकर यांनी तिची शिळाछाप आवृत्ती 1845 साली काढली.

तथापि विरोध होता, आणि तो अल्प नव्हता. गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ या 1863 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले आहे की, पंचांग निघून तीस वर्षे लोटली तरी मुंबईत व बाहेर छापील कागदाला स्पर्श न करणारे आणि छापलेले न वाचणारे भाविक लोक होते. शाईतील चरबी हे त्याचे सांगितले जाणारे कारण. हा आक्षेप दूर करण्यासाठी गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तूप घालून शाई तयार केली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. पुढील काळातील सुधारकी लेखनात या गोष्टीचा उल्लेख बहुधा हसण्यासाठी होतो. परंतु तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहणे शक्य आहे. पोथी ही स्नान करून, सोवळ्याने, देवाजवळ उघडण्याची वस्तू होती. ती ज्या द्रव्यांनी सिद्ध होई ती सर्व वाचकाच्या परिचयाची असत. कोणी लिहिली हे पोथीच्या अखेरीस लिहिलेले असे. लेखकू आपले नाव, गाव, शक, तिथी आणि चुकीबद्दल क्षमायाचना नोंदवून मगच बोरू खाली ठेवी. छापील प्रतीबद्दल यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. ती कोणत्या हातांतून आली, कोणत्या द्रव्याने छापली, हे अज्ञात. आणि ज्ञात एवढेच की, हे यंत्र मिशनरी लोकांनी आणले असून त्यावर मुख्यत्वे त्यांच्याच धर्माची पुस्तके निघतात. तुपाच्या शाईने चरबीची शंका फिटली असेल, पण तिचे खरे कार्य निराळे होते. छापणारा आपल्यातला आहे आणि आपल्या शंकेला मान देतो, हे तिने वाचकाला पटवून दिले.

शिळाछापाचाही येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे, कारण मुद्रणाच्या इतिहासात त्याला सामान्यतः एक तात्पुरती पायरी समजण्यात येते आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने हे पुरेसे नाही. शिळाछापात अक्षर जुळवीत नाहीत. वळणदार हस्ताक्षर असलेला लेखकू विशिष्ट शाईने कागदावर लिहितो आणि ते लेखन दगडावर उतरते. छापलेले पान म्हणजे हस्तलिखित पानाचे चित्रच असते. त्यामुळे पोथीचे सर्व बाह्यांग त्यात जसेच्या तसे राखता आले: आडवा आकार, सुटी पाने, मोठे अक्षर, चहूकडील रेघांची चौकट, इतकेच नव्हे तर सलग लेखनाची रीतही. वाचकाला हातात घेतलेली वस्तू पोथीच वाटे. फरक एवढाच की तिच्यासारख्या शेकडो प्रती बाजारात असत. खिळ्यांच्या छापाची गोष्ट अगदी वेगळी. त्यात मूळ पान मोडून त्याची अक्षरे सुटी करावी लागतात आणि ती पुन्हा नव्याने जुळवावी लागतात. देवनागरीच्या काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांसाठी काही शे निरनिराळे खिळे लागत. जुळारी ते एकेक उचलून ओळ भरीत असे. या कामी थॉमस ग्रॅहम यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पाडलेले खिळे आणि पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरात राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेले खिळे यांनी जे सौष्ठव साधले, त्यामुळे शिळाछापाची गरज हळूहळू संपली. जावजींचा खिळ्यांचा कारखाना 1864 चा, छापखाना 1869 चा. म्हणजे पहिल्या छापील पंचांगापासून एका पिढीहून थोडा अधिक काळ मधे गेलेला आहे.

खिळ्यांच्या छापाने वाचनात जो पालट घडवला तो भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. जुळारी शब्द सुटे करू लागला. आता शब्द कोठे संपतो, हे कोणीतरी ठरवणे भाग होते. शब्दयोगी अव्यय मागील शब्दाला जोडावे की तोडावे, हा केवळ व्याकरणाचा नव्हे तर छापखान्याचाही प्रश्न झाला. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 साली आणि मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ 1850 साली प्रसिद्ध झाली, हा योगायोग नव्हे. शब्द सुटे झाले, वाक्याचा शेवट टिंबाने किंवा दंडाने दिसू लागला, आणि अपरिचित मजकूरही मनातल्या मनात वाचता येऊ लागला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही 1857 ची कादंबरी घ्या. ती कोणाच्या तोंडून ऐकायची नसून एकट्याने वाचावयाची आहे. विधवांच्या दुःस्थितीवरील हा मजकूर देवळाच्या सभामंडपात पुराणिकाने वाचून दाखवला असता, हे संभवनीयच नाही. पोथीने जे एकत्र बसवले होते ते पुस्तकाने वेगवेगळे केले. यात लाभ मोठा होता. घरातल्या मुलीला किंवा सुनेला कोणाचीही अनुज्ञा न घेता, कोणाच्याही आवाजावाचून, वाचणे निदान शक्य झाले. पण ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचा पोथीतील वाटा पुस्तकात उरला नाही, हेही तितकेच खरे.

या पालटाची किंमत सर्वांत अधिक मोडीने भरली. मोडी ही जलद लेखनाची लिपी. बोरू न उचलता लिहिणे हा तिचा गुण. छापखान्यात हा गुण निरुपयोगी ठरतो, आणि अक्षरे एकमेकांत गुंतलेली असल्याने खिळे पाडणे अधिकच कठीण होते. श्रीरामपूरकरांनी मोडीत ‘सिंहासनबत्तिशी’सारखी पुस्तके छापली, पण मुंबईपुण्याकडील पुस्तके बाळबोधीत निघू लागली आणि वाचकाला बाळबोध हीच वाचनाची लिपी वाटू लागली. दप्तरात, दुकानात, घरच्या पत्रांत मोडी पुढेही दीर्घकाळ टिकली. मुंबई इलाख्यात सरकारी कामातून ती काढून बाळबोध वापरण्याचा निर्णय 1917 साली झाला. शाळांतून ती विसाव्या शतकाच्या मध्यास गेली. परिणाम असा की, ज्या लिपीत आजोबांनी सहज पत्रे लिहिली ती नातवाला ओळखूही येत नाही. पेशवे दप्तरातील आणि गावोगावच्या घराण्यांतील असंख्य कागद आज उपलब्ध असूनही बहुसंख्य मराठी माणसांना मुके आहेत. मोडी कोणी जाणूनबुजून मारली नाही. वाचनाचे नवे साधन तिला सोयीचे नव्हते, एवढेच झाले.

याच्या अगदी उलट उदाहरण महानुभाव पंथाचे. या पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि मुद्रणाचा काळ आला तरी ते छापू दिले नाहीत. मठांतील हस्तलिखित पोथी हेच त्यांचे वाचनाचे साधन राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, ‘लीळाचरित्रा’ची ह. ना. नेने यांनी संपादिलेली आवृत्ती तर 1936 नंतरची. म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सामान्य मराठी वाचकाच्या हातात येण्यास मुद्रणयुगातीलही शंभर वर्षे जावी लागली. याबद्दल पंथाला दोष देणारे पुष्कळ आहेत. तो दोष अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, कारण मराठी भाषेच्या इतिहासाची मांडणी तोपर्यंत एका महत्त्वाच्या पुराव्यावाचून होत राहिली. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गुप्ततेच्या या कठोर नियमामुळे ग्रंथांत लहरीप्रमाणे भर घालण्यास आळा बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या काळजीने जतन झाल्या. ज्ञानेश्वरीच्या वाट्याला लोकप्रियता आली, आणि तिच्याबरोबर पाठभेदही आले. एकनाथांना शके 1506 मध्ये तिचे शोधन करावे लागले ते याचमुळे.

हा इतिहास समोर ठेवून ई-रीडरकडे पाहिले असता पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटू लागतात. शाईसारखा दिसणारा पडदा असलेली वाचनयंत्रे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली. त्यांपैकी किंडल हे 2007 सालचे. त्यावर मराठी पुस्तकांची अधिकृत विक्री डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही मराठी ई-पुस्तक मुख्यत्वे पीडीएफच्या रूपात फिरत राहिले आहे. आता पीडीएफ म्हणजे तरी काय? छापील पानाचे स्थिर चित्र. पान जसे मांडले तसे ते दिसते. अक्षर मोठे करू गेल्यास ओळ पडद्याबाहेर जाते. मराठी ई-पुस्तकाची ही शिळाछापाची अवस्था होय. ज्यात मजकूर पानातून मोकळा होऊन वाचकाच्या इच्छेप्रमाणे लहानमोठ्या अक्षरांत नव्याने जुळतो, ते खरे ई-पुस्तक. आणि खिळ्यांच्या छापाप्रमाणेच त्याने लिपीचे सर्व जुने प्रश्न पुन्हा उकरून काढले आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे, परंतु दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक रीतींनी साठवता येतो. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास कित्येकदा सापडत नाही, आणि सदोष रूपांतरात त्या अक्षराची पार मोडतोड होते. मराठी वळणाचे ल आणि श ही अक्षरे महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात प्रमाण म्हणून निश्चित केलेली आहेत; तरीही अनेक यंत्रांवर ती हिंदी वळणाने उमटतात. वाचकाला याचा त्रास का व्हावा, असे कोणी विचारील. निर्णयसागरच्या खिळ्यांवर पोसलेल्या डोळ्याला तो होतो; आणि डोळ्याची ही तक्रार, तुपाच्या शाईप्रमाणेच, हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

वाचनाच्या व्यवहारातही काही जुन्या रीती नकळत परत आल्या आहेत. पोथीत एका पानाला एकच अंक असे, दोन्ही बाजू मिळून. त्यामुळे ‘पान’ आणि ‘पृष्ठ’ हे शब्द मुळात समानार्थी नव्हेत. छापील पुस्तकाने प्रत्येक बाजूला अंक दिला आणि बोलभाषेत दोहोंचा अर्थ एक झाला. पण पोथीच्या वाचकाला पानाच्या अंकाचे महत्त्वच थोडे होते. प्रत्येक प्रतीची पाने वेगळी. म्हणून संदर्भ द्यावयाचा तो अध्याय आणि ओवी यांचा. हा संदर्भ कोणत्याही प्रतीत, कोणत्याही आकारात चालतो, आणि म्हणून ई-रीडरवरही चालतो. कादंबरीचा किंवा निबंधाचा पृष्ठांक मात्र अक्षर मोठे करताच निरर्थक ठरतो. दीडशे वर्षे ज्या पद्धतीने मराठी गद्याचे संदर्भ दिले गेले ती पद्धत छापील पानाला बांधलेली होती, हे पान हातातून गेल्यावर कळते. मोठ्या अक्षराची सोय हीदेखील नवी नव्हे. पोथीचे अक्षर मोठेच असे. छापील पुस्तकाने काटकसरीसाठी ते लहान केले, आणि वृद्ध वाचकाला चष्म्याच्या स्वाधीन केले. ई-रीडर पसंत करणाऱ्यांत वयस्क वाचक आढळतात, याचे नवल वाटू नये.

जुन्या विरोधात जसा एक खरा मुद्दा होता, तसा आजच्या नापसंतीतही आहे. आणि तो कागदाच्या वासाचा नव्हे. वास, स्पर्श, कपाटाची शोभा ही कारणे वाचक सांगतो खरी, परंतु ती चरबीच्या कारणाच्याच जातीची आहेत: मनातील अविश्वासाला सापडलेली सोपी नावे. खरा मुद्दा प्रतीच्या मालकीचा आहे. पोथी घराण्याची असे. ती वाटणीत येई, मुलीबरोबर सासरी जाई, देवळाला अर्पण होई. छापील पुस्तकही विकत घेतल्यावर वाचकाचे होते. तो ते उसने देतो, रद्दीत विकतो, त्यावर नाव घालतो. 1893 साली ठाण्यास आणि 1898 साली मुंबईस जी मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, ती प्रत कोणालाही देता येते या एका गोष्टीवर. ई-पुस्तकाच्या बाबतीत वाचकाला बहुधा प्रत मिळत नाही, वाचण्याची परवानगी मिळते. जुलै 2009 मध्ये जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके विक्रेत्या कंपनीने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली आणि नंतर क्षमा मागितली, तेव्हा हा भेद सर्वांच्या ध्यानात आला. पुस्तकांपैकी एक ‘1984’ असावे, हा दैवाचा विनोद. एकदा दिलेली पोथी पुराणिकाने श्रोत्याच्या घरी येऊन परत नेली, असे कधी ऐकिवात नाही.

दोन्ही साधने एकमेकांना संपूर्ण हटवतील, ही भीती मात्र पूर्वानुभवाने खरी ठरत नाही. ‘गुरुचरित्रा’च्या सप्ताहासाठी आजही सुट्या आडव्या पानांची पोथी छापली जाते आणि विकली जाते, त्याच घरात कादंबरी बांधीव असते आणि दैनिक पंचांग भ्रमणध्वनीवर पाहिले जाते. पंचांग पुन्हा एकदा सर्वांच्या आधी नव्या साधनावर गेले, हे पाहून गणपत कृष्णाजींना आश्चर्य वाटले नसते. नित्याच्या वाचनाची विभागणी साधनाच्या श्रेष्ठतेवर होत नाही, ग्रंथाच्या उपयोगावर होते.

टिकाऊपणाची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर. मुद्रणामुळे ग्रंथ अमर होतो, ही एकोणिसाव्या शतकाची श्रद्धा होती. ‘क्रिस्तपुराणा’च्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या, त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ राहिला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. त्यांवरून 1907 साली मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती निघाली. देवनागरी हस्तलिखित 1920 च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहात जस्टिन अ‍ॅबट यांना आढळले. आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाली. साधन नवे असल्यामुळे ग्रंथ वाचला नाही. निरनिराळ्या हातांत, निरनिराळ्या ठिकाणी प्रती होत्या म्हणून तो वाचला.

संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा, म्हणजे 1990 च्या सुमारास आणि त्यानंतरही बरीच वर्षे, प्रत्येक टंकाची अक्षरयोजना स्वतंत्र होती. युनिकोड 1991 साली निघाले होते, पण छापखान्यांच्या उपयोगात ते फार उशिरा आले. त्या काळात जुळवलेल्या शेकडो मराठी पुस्तकांच्या मूळ धारिका आज नव्या यंत्रावर उघडल्या असता देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक मिसळ दिसते. त्यांचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांतून जोडाक्षरे आणि अर्धे र वरचेवर सुटतात. अशा पुस्तकाचे ई-पुस्तक करावयाचे झाल्यास त्याची छापील प्रत मिळवावी लागते, आणि ती शेजारी ठेवून, एकेक ओळ ताडून पाहत, मजकूर शुद्ध करावा लागतो.